चिकनगुनियानंतरची सांधेदुखी : सूज दुखते का, आणि उतरवायची कशी

शेवंती

पाऊस ओसरायला लागला की दरवर्षी इथे एकाच प्रकारचे प्रश्न येतात. ताप चार दिवसांत गेला, पण सांधे धरलेत ते सुटेनात. सकाळी मूठ वळत नाही, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, पलंगावरून पाय खाली टेकवताना घोट्यातून कळ जाते. त्याखाली जो तो आपापली गोळी सुचवतो. गोळ्यांची नावं वाटण्याआधी सांध्यात नेमकं काय चाललेलं असतं ते एकदा नीट मांडावं, म्हणून हा धागा. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे इथलं वाचून कुणी चालू औषधं परस्पर बदलू नयेत, ही विनंती.

चिकनगुनिया आपल्याला नवा नाही. १९६३ साली कोलकात्यात साथ आली, १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला. मग तीसेक वर्षं फारसं नावही ऐकू आलं नाही आणि २००५-०६ मध्ये तो देशभर परतला. २०२४ चा पुण्यातला पावसाळा तर इथल्या अनेकांनी अंगावर काढलाय.

डास चावला की विषाणू रक्तातून सांध्याच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचतो. तिथे त्याला तोंड द्यायला पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि रसायनं सोडतात: ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन, इंटरल्यूकिन-६ आणि अशी आणखी बरीच. त्यांच्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात. एरवी गुडघ्यात चमचाभरसुद्धा द्रव नसतो, तिथे पाणी साचतं. सांधा लाल होतो, गरम लागतो, फुगतो. सेल्सस या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, ऊब आणि वेदना. पहिल्या तीन रक्तवाहिन्यांनी उलगडतात. चौथी मात्र मज्जातंतूंची गोष्ट आहे आणि तिथेच बहुतेकांचा समज अर्धा राहतो.

पाणी साचून आतून ताण पडतो म्हणून दुखतं, हे खरं आहे, पण तेवढंच नाही. सांध्यातल्या वेदना कळवणाऱ्या तंतूंना एक उंबरठा असतो. त्याच्या खालचा दाब, खालची उष्णता ते मेंदूला वेदना म्हणून कळवतच नाहीत. प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन स्वतः फारसं दुखवत नाही, ते हा उंबरठा खाली आणतं. याचं एक सुरेख उदाहरण सापडलंय. तंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ते उघडतं आणि आपल्याला भाजल्याची जाणीव होते. मिरचीतल्या कॅप्सेसिननेही तेच उघडतं. मिरचीचाच धागा पकडून डेव्हिड ज्युलियस यांनी ते १९९७ साली शोधलं आणि २०२१ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. दाह असलेल्या जागी हेच प्रथिन शरीराच्या नेहमीच्या तापमानालासुद्धा उघडू शकतं. शिवाय निरोगी सांध्यात जे तंतू एरवी गप्प असतात, तेही जागे होतात. ताणून चढवलेली तार वाऱ्यानेही झणझणावी, तशी त्या सांध्याची गत होते. म्हणून चादरीचा नुसता स्पर्श नकोसा होतो. माणूस नाटक करत नसतो. घरच्यांनी हे समजून घ्यावं, असं मला फार वाटतं.

हे आठवडेच्या आठवडे चाललं की पाठीच्या कण्यातल्या चेतापेशीही तो संदेश वाढवून पुढे पाठवायला लागतात. मग सूज उतरली तरी दुखणं मागे राहतं. झोप नीट लागत नसेल तर ते आणखी चढतं.

आता औषधं. ताप चालू आहे तोवर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांना हात लावू नये. कारण एडिस इजिप्ती हा एकच डास चिकनगुनियाही पसरवतो आणि डेंग्यूही, दोघांचा हंगाम एकच आणि पहिले काही दिवस दोन्ही सारखेच दिसतात. डेंग्यूत प्लेटलेट उतरत असताना या गोळ्या पोटात गेल्या तर रक्तस्राव होऊ शकतो. डेंग्यू नाही हे डॉक्टरांनी नक्की केलं की मग ही औषधं.

ती काम कशी करतात हे १९७१ साली जॉन वेन यांनी दाखवलं. ॲस्पिरिन तोवर सत्तरेक वर्षं बाजारात होतं, पण ते नेमकं काय करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. या कामासाठी वेन यांना १९८२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे या गोळ्या वेदना नुसती झाकत नाहीत, खाली आलेला उंबरठा परत वर नेतात. पॅरासिटामॉलने सूज फारशी उतरत नाही, ठणका थोडा कमी होतो.

अडचण अशी की जठराचं अस्तर शाबूत ठेवायला आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळायलाही शरीराला प्रोस्टाग्लँडिन लागतं. गोळी सांधा आणि पोट असा भेद करत नाही.

आणि एक. सूज म्हणजे नुसता उपद्रव नव्हे, दुरुस्तीही तिच्याच हातून होते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कंबरदुखीच्या रुग्णांवर आणि उंदरांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. सुरुवातीचा दाह दाबून टाकला तर दुखणं उलट लांबू शकतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. ते चिकनगुनियावरचं काम नाही, त्यामुळे जसंच्या तसं लावता येणार नाही. पण ‘जरा दुखलं की घे गोळी’ या सवयीपुढे प्रश्नचिन्ह लावायला ते पुरेसं आहे. माझं मत असं की गोळी घ्यायची तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, ठरावीक दिवस, पोटात अन्न असताना घ्यावी. दुखेल तेव्हा एक असं महिनोन्‌महिने चालू नये.

हे जितकं खरं, तितकंच दुसरंही. तीन महिने उलटूनही सांधा सुजलेला असेल तर सोसत बसू नका. विषाणू रक्तातून कधीच गेलेला असतो, पण त्याचे अवशेष सांध्यात राहिल्याचं काही अभ्यासांत दिसलंय आणि काहींच्या शरीराची लढाई त्यानंतरही थांबत नाही. अशा वेळी सांधेविकारांचा तज्ज्ञ, म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्टच लागतो.

बार्शीकर

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. बार्शीचं नाव वाचून लगेच आत्याला फोन केला. ७३ साली ती शाळेत होती. ती सांगते, अख्खी गल्ली भिंतीला धरून चालायची आणि चिकनगुनिया हा शब्दच कुणी ऐकलेला नव्हता.

दुर्दैवाने मागच्या दिवाळीआधी तिलाच झाला. मनगटं आणि घोटे अजून सुजलेले आहेत. गावातल्या कुणीतरी एका माणसाकडच्या पुड्या आणून दिल्या, जडीबुटीच्या म्हणून. दुसऱ्याच दिवशी ती उठून स्वयंपाकाला लागली. तेव्हापासून रोज एक चालू आहे. तोंड जरा सुजल्यासारखं दिसतं, पण दुखत नाही म्हणून ती खूश आहे. चालू ठेवायच्या का?

शेवंती

बार्शीकर, तुमचा प्रतिसाद वाचून काळजी वाटली, म्हणून आधी हेच लिहिते.

पुडीवर नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि एका दिवसात जादू झाली, तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्यावी. असे प्रकार तपासणीत पुन्हा पुन्हा सापडले आहेत. चेहरा सुजणं हेही त्याच दिशेला बोट दाखवतं.

स्टिरॉइड वाईट औषध नाही, हे आवर्जून सांगते. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. एक प्रोस्टाग्लँडिनच काय, दाहाची जवळजवळ सगळी साखळी ते दाबतं. चिकनगुनियानंतरही डॉक्टर कधी कधी थोड्या दिवसांसाठी, उतरत्या मात्रेत ते देतात. घातक आहे ते मोजमाप नसलेलं, महिनोन्‌महिने चाललेलं स्टिरॉइड. साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुड्या आजच्या आज घरच्या घरी एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. एक-दोन दिवसांत फिजिशियनला दाखवा आणि पुडी सोबत न्या. कमी कसं करायचं ते त्यांनाच ठरवू दे.

नदीकाठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. २०२४ च्या पावसाळ्यात रोज असेच हात-पाय बघत होतो, म्हणून हालचालीबद्दल लिहितो.

लोक दोन टोकांना जातात. काही जण सांधा अजिबात हलवत नाहीत, तो आखडतो आणि आसपासचे स्नायू झडतात. काही जण ‘चालवला की सुटेल’ म्हणून गरम, टम्म फुगलेल्या घोट्याने जिने चढतात. सांधा गरम आणि लाल असेल त्या दिवसांत वजन कमी टाका, पण दिवसातून तीन-चारदा तो सांधा हळूहळू त्याच्या पूर्ण पल्ल्यातून फिरवा. एरवी रोजच्या कामाला लागा.

सकाळच्या आखडलेल्या बोटांसाठी सोपी गोष्ट. पातेल्यात कोमट पाणी घ्या, दहा मिनिटं दोन्ही हात बुडवून ठेवा आणि पाण्यातच बोटं मिटा-उघडा. आधी फक्त वरची दोन पेरं वाकवून आकडा करायचा, मग पूर्ण मूठ, मग सरळ. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला टेकवायचा. एक आजी मला सांगत होत्या की हे केल्यावरच त्यांना कणीक मळता येते. मी त्यांना म्हटलं, कणीक परातीत जमिनीवर बसून मळू नका, ओट्यावर उभ्याने मळा, आणि बोटांनी न तिंबता तळव्याने दाबा. मनगटावरचा भार निम्म्यावर आल्यासारखं वाटतं, असं त्याच नंतर म्हणाल्या.

शेक की बर्फ, हे रोज विचारलं जातं. सांधा हाताला गरम लागत असेल तर बर्फ, रुमालात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. नुसताच आखडलेला असेल तर ऊब. दोन्हींनी आजार बरा होत नाही, आराम पडतो, आणि आराम पडला की व्यायाम करता येतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल तर दोन्ही जपून, भाजलेलं कळत नाही. आराम, बर्फ, पट्टी, पाय वर, हा मंत्र १९७८ साली गेब मर्किन या डॉक्टरांनी खेळाडूंच्या ताज्या दुखापतीसाठी दिला होता आणि पुढे त्यांनीच पूर्ण विश्रांती आणि बर्फाचा आग्रह सोडला. तेव्हा महिनाभर बर्फ लावून पडून राहणं कुणाच्याच फायद्याचं नाही.

व्यायाम जास्त झाला का ते कसं ओळखायचं? दोन तासांनंतरही दुखणं वाढलेलंच असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा. बंद करू नका.

कोथिंबीर

वाचनखूण साठवली. आमच्याकडे सासूबाई निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधतात आणि रात्री हळदीचं दूध असतंच. याला काही आधार आहे का? की नुसती समजूत?

शेवंती

कोथिंबीर, निर्गुडीच्या शेकाने ऊब मिळते आणि कुणीतरी प्रेमाने बांधून देतं, दोन्हींचा उपयोग होतो. पाला फार गरम नको आणि सुजलेला सांधा जोरजोरात चोळू नये, एवढं पाळलं की झालं.

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाहाच्या रसायनांना खरोखर अडवतं. पण हळदीत ते वजनाच्या तीनेक टक्केच असतं आणि आतड्यातून रक्तात फारच कमी जातं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरिनसोबत माणसांत त्याचं शोषण वीसपट वाढतं. गुडघ्याच्या झिजेवर कर्क्युमिनच्या गोळ्यांनी थोडा गुण आल्याचे अभ्यास आहेत. चिकनगुनियासाठी तितका पुरावा नाही. दूध-हळद खुशाल प्या. मात्र मिरीअर्क घातलेल्या जोरदार कॅप्सूल वेगळ्या. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

लिंबलोण

मूत्रपिंडाबद्दल वरती एकच ओळ आली, ती ठळक करायला हवी असं मला वाटतं. माझ्या वडिलांना बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालू होती. चिकनगुनियानंतर दुकानातून पेनकिलर आणून दोन आठवडे घेतली, कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पाय सुजले, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, भरती करावं लागलं. आता बरे आहेत, पण तो आठवडा आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत.

शेवंती

लिंबलोण, बरं झालं लिहिलंत. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, जोडीला लघवीची गोळी, आणि वरून पेनकिलर, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडात रक्ताचा दाब टिकवायचे सगळे मार्ग एकाच वेळी बंद होतात. त्यात ताप, उलट्या, पाणी कमी पिणं असेल तर धोका आणखी मोठा. ज्यांच्या घरी साठीच्या पुढची माणसं आहेत त्यांनी पेनकिलर आणण्याआधी औषधांचा डबा उघडून बघावा.

त्याच डब्यात आणखी एक सापडेल. ॲसिक्लोफिनॅक हे पेनकिलर १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी जोडगोळी आपल्याकडे सर्रास मिळते. वेगवेगळ्या नावांच्या दोन पाकिटांत तेच औषध असतं आणि माणूस दोन्ही घेतो, वर तापाची ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळी वेगळी. धडधाकट माणसालाही २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या पुढे पॅरासिटामॉल चालत नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल, दारू असेल तर मर्यादा त्याहून खाली. पाकिटाच्या मागचे बारीक अक्षरातले घटक वाचा.

एकदोन सांधेच दुखत असतील तर डायक्लोफिनॅकचं जेल हा चांगला मार्ग आहे. बोटं, मनगट, गुडघा यांना लागू पडतं आणि रक्तात जाणारं प्रमाण गोळीच्या एक दशांशाहूनही कमी असतं.

माळढोक

थोडं अवांतर, पण मूत्रपिंडाशी जोडलेलं आहे. हेच डायक्लोफिनॅक गुराढोरांना दिलं जायचं, ती मेल्यावर गिधाडं खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. देशातली गिधाडं त्यापायी जवळजवळ संपली. कारण कळलं २००४ च्या सुमारास. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जायच्या, म्हणून २०१५ पासून त्या ३ मिलीवर आणल्या. पक्ष्यांवर काम करताना हे जवळून पाहिलंय. त्यामुळे ‘साधी दुखण्याची गोळी’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

कोथिंबीर

आणखी एक विचारते. शेजारच्या काकूंना मलेरियाची गोळी दिली होती सांधेदुखीसाठी, आणि आता कुठली तरी कॅन्सरची. हे ऐकूनच त्या घाबरल्यात.

शेवंती

मलेरियाची म्हणजे क्लोरोक्विन किंवा त्याचं भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असावं. २००६ च्या साथीनंतर क्लोरोक्विन भरपूर दिलं गेलं. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने त्याची मेलॉक्सिकॅम या पेनकिलरशी रीतसर तुलना केली. २०१४ साली आलेल्या निष्कर्षांत क्लोरोक्विनचा जास्त फायदा दिसला नाही. साथीत सगळे देतात म्हणून औषध चालतं असं नाही, मोजून पाहावं लागतं. आपल्याच माणसांनी ते मोजलं, याचा मला अभिमान वाटतो.

‘कॅन्सरची’ म्हणजे बहुधा मेथोट्रेक्सेट. कॅन्सरला ते फार मोठ्या मात्रेत देतात. सांध्यांसाठी मात्रा अगदी छोटी असते आणि आमवातात ते कित्येक वर्षं वापरात आहे. काकूंना घाबरू नका म्हणावं, पण एक गोष्ट तीनतीनदा सांगा: ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ठरलेल्या वारी. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. पाकिटावर मार्करने वार लिहून ठेवा. सोबत फॉलिक ॲसिड असतं, आणि ठरल्या वेळी रक्त तपासून पेशी आणि यकृत बघायचं असतं. घरात मूल होऊ देण्याच्या विचारात कुणी असेल आणि तिला हे औषध सुचवलं गेलं, तर डॉक्टरांना आधी ते सांगणं भाग आहे.

बार्शीकर

काल सोलापूरला आत्याला फिजिशियनकडे नेलं. त्यांनीही पुडी बघून तेच सांगितलं. साखर वाढलेली निघाली. आता त्यांच्या देखरेखीखाली मोजकी स्टिरॉइडची गोळी देऊन ती हळूहळू उतरवणार आहेत. पुढच्या आठवड्यात र्‍हुमॅटॉलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. जाताना काय न्यायचं?

शेवंती

छान केलंत. ताप आला तेव्हाचे चिकनगुनिया-डेंग्यूचे रिपोर्ट, आत्ताचे ईएसआर आणि सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या), क्रिएटिनिन आणि साखरेचे रिपोर्ट न्या. सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले राहतात ते चार-पाच दिवस घड्याळ लावून लिहून ठेवा. अर्ध्या तासाच्या आत सुटतात की तासाच्या पुढे जातात, यावरून त्यांना झीज आणि दाह यांचा बराच अंदाज येतो. सूज सकाळी जास्त दिसते, तेव्हा मनगटांचे फोटो सकाळीच काढा, दुपारी दवाखान्यात पोचेपर्यंत ती उतरलेली असते. आणि सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, पुडीसकट.